विरहाचा गुणाकार

भानुदत्तानं प्रेमाचा हिशेब थेट गुणाकारानं मांडला. नायिकांचे मूळ प्रकार १६. त्या प्रत्येकीच्या वासकसज्जा, खंडिता, अभिसारिका अशा ८ अवस्था, वर उत्तम, मध्यम, अधम हे ३ भेद. एकूण ३८४. त्याची संस्कृत ‘रसमंजरी’ चाळताना मधूनच तलाठ्याचं दप्तर उघडल्यासारखं वाटतं. हा कवी मिथिलेचा. पण ग्रंथात एका निजाम राजाचा उल्लेख येतो आणि त्यावरून काही अभ्यासक त्याचा संबंध आपल्या अहमदनगरच्या दरबाराशी जोडतात.

ही कोरडी वर्गवारी पेटली ती मात्र दूर उत्तरेत, रावीकाठच्या बसोहलीत. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथं रसमंजरीची एक चित्रमाला झाली. पुढे १६९५च्या सुमारास देवीदास या चिताऱ्यानं राजा किरपाल पालासाठी दुसरी रंगवली. पहिल्या मालेत नायक म्हणून कृष्ण येतो. देवीदासाकडे तो मुकुट, मोरपीस सोडून चारचौघांसारखा सरदार होतो.

या चित्रांत चेहऱ्यावर भाव शोधू नयेत. मागे कललेलं कपाळ, कमळाच्या पाकळीएवढे डोळे, एका बाजूनं दिसणारा चेहरा. रुसलेली आणि आतुरलेली, दोघी जवळपास सारख्याच. त्यांचं मन कळतं ते रिकाम्या शेजेवरून, दारापाशी थबकलेल्या सखीवरून आणि सर्वांत जास्त रंगावरून. मागची अख्खी भिंत हळदीसारखी पिवळी नाही तर लालभडक. आभाळ वर जेमतेम पट्टीभर. नजरेला पळायला वाटच ठेवलेली नाही, आणि विरहात तरी दुसरं काय होतं?

दागिन्यांतले पाचू म्हणजे भुंगेऱ्याच्या पंखांवरच्या हिरव्या कवचाचे चिकटवलेले तुकडे. मोती जाड पांढऱ्या रंगाच्या उंचवट्यांचे. ही सुटी पानं हातात धरून पाहायची असत. पान जरा कललं की पाचू चमकतो. संग्रहालयाच्या काचेमागे ही गंमत बरीचशी मरते.

देवांचीही सुटका नाही. देवीदासाच्या एका चित्रात शिवपार्वती वाघाच्या कातड्यावर बसून सारीपाट खेळताहेत आणि हारावरून वाद पेटलाय. ते पान आता न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

अठराव्या शतकात चितारा नैनसुख आणि त्याच्या घराण्याच्या हातून या डोंगराळ मुलखातलं, पहाडी चित्र निवळलं. कांगड्याच्या नायिकेला नाजूक चेहरा मिळाला, भोवती हिरव्या टेकड्या, फुललेली झाडं आली. लोकांना तीच जास्त आवडते. मला मात्र वाटतं, इतक्या सुंदर बागेत बसलेल्या बाईचं दुःख जरा सोसण्याजोगं होऊन जातं. बसोहलीवाल्यांनी तिला तेवढीही सवलत दिली नव्हती.