पहिली बरगडी काढल्यानंतर

थोरॅसिक आउटलेट सिंड्रोमच्या शस्त्रक्रियेत बहुतेक वेळा छातीच्या पिंजऱ्यातली सर्वांत वरची बरगडी काढतात आणि मानेतून तिच्यावर उतरणारे स्केलीन स्नायू कापून जागा मोकळी करतात. कॉलर बोन आणि ही बरगडी यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून हाताच्या नसांचे जाळे आणि मोठ्या रक्तवाहिन्या जातात. तिथे दाब आला की हात दुखतो, बोटांना मुंग्या येतात, हात वर धरवत नाही. दहातल्या नऊहून अधिक रुग्णांत हा दाब मज्जातंतूंवर असतो, उरलेल्यांत नीलेवर किंवा रोहिणीवर. बरगडी काही तासांत निघते. बरे व्हायला किती दिवस लागतील, हे मात्र दाब कशावर आणि किती काळ होता त्यावर ठरते.

रुग्णालयातला मुक्काम साधारण १ ते ३ दिवसांचा. पहिली बरगडी फुप्फुसाच्या आवरणाला अगदी लागून असते, म्हणून शस्त्रक्रियेनंतर छातीचा एक्स-रे काढून आवरणात हवा शिरलेली नाही ना, हे पाहतात. जखम काखेत असते किंवा कॉलर बोनच्या वर. काखेतून जाण्याची पद्धत डेव्हिड रूस या अमेरिकी शल्यविशारदाने १९६६ मध्ये मांडली. मान, खांदा आणि पाठीचा वरचा भाग सुरुवातीला चांगलाच दुखतो. काखेतून शस्त्रक्रिया झालेल्यांना दंडाची आतली बाजू बधिर वाटते आणि काहीतरी बिघडले अशी धास्ती बसते. तिथली त्वचेची बारीक नस ताणली गेल्याने हे होते. बधिरपणा बहुधा कमी होत जातो, थोडा कायम राहिला तरी हाताची ताकद त्याने जात नाही.

दुखणारा हात झोळीत बांधून ठेवावासा वाटणे स्वाभाविक आहे, पण तेच नडते. जखम भरताना तयार होणारी चिवट ऊती नसांना चिकटू शकते. म्हणून मान, खांदा आणि नसा हलत्या ठेवणारे हलके व्यायाम फिजिओथेरपिस्ट लवकर सुरू करतात. ताकदीचे व्यायाम नंतर. भरलेली बादली उचलणे, खांद्याला जड पिशवी अडकवणे, दुचाकी चालवणे हे सर्जनने सांगितल्यावरच. टेबलावरचे काम अनेकांना २ ते ४ आठवड्यांत जमते. ओझ्याचे किंवा हात डोक्यावर धरून करायचे काम साधारण ३ महिन्यांनी, कधी त्याहून उशिरा.

इजा झालेली नस दिवसाला जेमतेम १ मिलिमीटर वाढते आणि मानेपासून बोटांपर्यंतचे अंतर बरेच असते. म्हणून दुखणे लवकर कमी झाले तरी पकड सुधारायला महिने, प्रसंगी वर्ष लागते. तळहाताचे स्नायू आधीच झिजले असतील तर ते पूर्ण भरून येतीलच असे नाही. नीलेत गाठ झालेल्यांना रक्त पातळ करणारी औषधे काही महिने घ्यावी लागतात. ती मनाने बंद करणे धोक्याचे.

निकाल सर्वांना सारखा मिळत नाही. बेसबॉलमधला मेरिल केली २०२० मध्ये ही शस्त्रक्रिया करून परतला आणि २०२३ च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सामना जिंकून गेला. स्टीफन स्ट्रासबर्गवर २०२१ मध्ये तीच शस्त्रक्रिया झाली. त्यानंतर वरच्या पातळीवर तो एकच सामना खेळू शकला. दोघेही गोलंदाजासारखे चेंडू टाकणारे, दोघांनाही उत्तम उपचार मिळालेले. तेव्हा शेजारच्या रुग्णाशी तुलना करून धीर सोडण्यात अर्थ नाही.

घरी आल्यावर अचानक दम लागला, हात सुजून निळसर झाला किंवा पांढरा-गार पडला, ताप आला, जखमेतून दुधाळ पाणी येऊ लागले, तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.