उलेमा व जुलमी राजसत्ता

‘उलेमा’ हे ‘आलिम’ (जाणकार, विद्वान) या अरबी शब्दाचे अनेकवचन होय. कुराण, हदीस (प्रेषितांची वचने व आचार) आणि फिक्ह (धर्मविधीचे शास्त्र) यांचा व्यासंग केलेल्या पंडितवर्गास ही संज्ञा लावतात. न्यायनिवाडा करणारा काझी, धर्मनिर्णय म्हणजे फतवा देणारा मुफ्ती, शुक्रवारच्या नमाजाच्या वेळी खुत्बा वाचणारा खतीब आणि मदरशात शिकविणारा मुदर्रिस हे या वर्गाचे प्रमुख घटक. सुन्नी इस्लाममध्ये दीक्षित पुरोहितांची अधिकारश्रेणी नाही. त्यामुळे उलेमांचा अधिकार त्यांच्या विद्वत्तेवर व लोकमान्यतेवर उभा राहिला. काझीची नेमणूक, वेतन व इनामजमीन मात्र राजाच्या हाती असे. उलटपक्षी, खुत्ब्यात राजाचे नाव वाचले जाणे हे त्याच्या वैधतेचे लक्षण मानले जाई. या परस्परावलंबनामुळे राजाविरुद्ध बंड वा लोकांचा उठाव झाला, की उलेमांची कसोटी लागे. या प्रसंगी त्यांनी घेतलेल्या भूमिका एकसारख्या नाहीत. सशस्त्र प्रतिकारास पाठिंबा, असहकार, निर्भीड उपदेश, मौन आणि राजसत्तेचे उघड समर्थन असे त्यांचे स्थूलमानाने पाच प्रकार पडतात.

तात्त्विक भूमिका : कुराणाच्या चौथ्या अध्यायातील ५९ व्या आयतीत अल्ला व प्रेषित यांच्याबरोबरच अधिकारारूढ व्यक्तींचीही आज्ञा पाळावी, असा आदेश आहे. दुसरीकडे, जुलमी राजासमोर न्यायाची गोष्ट बोलणे हा श्रेष्ठ जिहाद होय, अशा आशयाची हदीसही प्रसिद्ध आहे. सत्कार्याचा आदेश देणे व दुष्कृत्यास प्रतिबंध करणे हे प्रत्येक श्रद्धावंताचे कर्तव्य मानलेले आहे. या वचनांचा मेळ कसा घालावयाचा, हा उलेमांपुढील मूळ प्रश्न होता. पापाचरणाची आज्ञा पाळावयाची नाही, याबद्दल सर्वसाधारण एकमत होते. परंतु आज्ञा न पाळणे आणि शस्त्र उपसणे यांत किती अंतर आहे, याबद्दल मतभेद राहिले.

पुढे अल्-मावर्दी (मृत्यू १०५८), अल्-गझाली (मृत्यू ११११) व इब्न जमाआ (मृत्यू १३३३) यांच्या लेखनात सत्ताधाऱ्यास मान्यता देण्याकडे कल वाढत गेला. केवळ बळाच्या जोरावर गादी मिळविणाऱ्याचीही आज्ञा समाजाच्या ऐक्यासाठी मानावी, येथवर इब्न जमाआ येऊन पोहोचला. ‘फित्ना’ म्हणजे यादवी व अराजक यांची भीती हे या विचाराचे मूळ कारण होय. राजा जुलमी असला, तरी बाजार, न्यायालय व रस्ते चालू राहतात. यादवीत ते सर्व बंद पडते व दुर्बळांचाच बळी जातो, असा त्यांचा युक्तिवाद होता. याची दुसरी बाजू अशी, की या युक्तिवादाचा आश्रय प्रत्येक जुलमी राजास घेता येत असे. शिया पंथात मात्र खरा राज्याधिकार इमामाचाच मानला गेल्याने प्रत्यक्ष राजसत्तेविषयी मुळातच साशंकता होती, इ. स. ६८० मधील करबला येथील हुसैन यांचे हौतात्म्य हे तेथे जुलमाच्या प्रतिकाराचे चिरंतन प्रतीक ठरले.

आद्य कालखंड : उमय्या राजवटीतील इराकचा सुभेदार हज्जाज याच्याविरुद्ध आठव्या शतकाच्या प्रारंभी इब्नुल अश्अस याने उठाव केला. त्यात कुराणपाठकांचा मोठा समुदाय सामील झाला. त्यांपैकी सईद इब्न जुबैर यास पुढे ७१४ मध्ये हज्जाजने ठार केले. याच उठावापासून दूर राहण्याचा उपदेश बसऱ्याचा विख्यात आलिम हसन अल्-बसरी याने केला होता. तो हज्जाजचा चाहता नव्हता. परंतु जुलमास तलवारीपेक्षा पश्चात्ताप व प्रार्थना हा उपाय त्याला योग्य वाटे. एकाच नगरीत, एकाच प्रसंगी निर्माण झालेला हा भेद पुढील सर्व इतिहासात दिसतो.

विधिपंथांच्या संस्थापकांचे वर्तनही या दृष्टीने उद्‌बोधक आहे. अबू हनीफा (मृत्यू ७६७) यांची ७४० मधील झैद इब्न अलीच्या उठावास सहानुभूती होती. मालिक इब्न अनस (मृत्यू ७९५) यांनी सक्तीने घेतलेली शपथ बंधनकारक नसते, असे मत दिले. खलीफाने घेतलेल्या निष्ठेच्या शपथा त्यामुळे सैल होतात, हे ओळखून मदीनेच्या अधिकाऱ्याने त्यांना फटके मारविले. अहमद इब्न हंबल (मृत्यू ८५५) यांनी ८३३ मध्ये सुरू झालेल्या धर्ममतांच्या सक्तीच्या चौकशीत कारावास व फटके सोसले, पण खलीफाचे मत मान्य केले नाही. तथापि बंड करण्याविषयी विचारावयास आलेल्यांना त्यांनी परावृत्त केले. राजाचे म्हणणे नाकारावे, पण त्याच्यावर शस्त्र धरू नये, ही मध्यम भूमिका त्यांच्यामुळे प्रतिष्ठा पावली.

दख्खनमधील घटना : अलाउद्दीन खल्जीने १२९६ मध्ये देवगिरीच्या यादवांकडून अपार संपत्ती लुटून नेली. ही संपत्ती आपली की सार्वजनिक कोषाची, असा प्रश्न त्याने पुढे काझी मुघीसुद्दीन यास केला. ती सैन्याच्या बळावर मिळालेली असल्याने सार्वजनिक कोषाची आहे, असे उत्तर काझीने जीव मुठीत धरून दिले. सुलतान संतापला, मात्र दुसऱ्या दिवशी त्याने काझीचा सन्मान केला. राज्याच्या हिताचे वाटेल ते आपण करतो, ते शास्त्रसंमत आहे की नाही हे आपणास ठाऊक नाही, असेही त्याने सांगितले. इतिहासकार झियाउद्दीन बरनीने नोंदविलेल्या या संवादातून उलेमांच्या अधिकाराची मर्यादा स्पष्ट होते : त्यांचे मत ऐकले जाई, त्याप्रमाणे वागण्याचे बंधन मात्र राजावर नसे.

महाराष्ट्रातील सर्वांत बोलके उदाहरण खुल्दाबाद येथील शेख झैनुद्दीन शीराझी (मृत्यू १३६९) यांचे होय. ते मूळचे विद्वान आलिम व नंतर सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांचे उत्तराधिकारी होते. बहमनी सुलतान पहिला मुहम्मदशाह (कार. १३५८–७५) याने राज्यातील शेखांकडून निष्ठेची शपथ मागितली, तेव्हा तो मद्यपान करतो या कारणास्तव झैनुद्दीन यांनी ती देण्यास नकार दिला. पुढे सुलतान विजयानगरशी युद्धात गुंतला असता दौलताबादेत बहरामखान माझंदरानी याने एका मराठा सरदाराच्या व वऱ्हाडातील काही सरदारांच्या साहाय्याने बंड केले. हे बंड सरदारांचे होते, रयतेचे नव्हे. ते फसल्यावर बंडखोर शेखांकडे सल्ल्यासाठी आले. बायकामुलांसह गुजरातेत निघून जावे, असा सल्ला त्यांनी दिला व बंडखोरांचे प्राण वाचले. क्रुद्ध झालेल्या सुलतानाने शेखांना शहर सोडण्याची आज्ञा केली. तेव्हा ते आपल्या गुरूच्या समाधीपाशी जाऊन बसले व तेथून आपणास कोण उठवितो ते पाहू, असे त्यांनी सांगितले. अखेर सुलतानाने नमते घेतले. त्याने धर्मनियम पाळावे व मद्याची दुकाने बंद करावी, ही शेखांची अट मान्य झाली. हा वृत्तांत फिरिश्ताने सु. अडीच शतकांनंतर लिहिला असल्याने त्यातील तपशील काहीसा अलंकृत असणे शक्य आहे. तथापि शेखांच्या वर्तनाचा सूर त्यातून निश्चित कळतो. त्यांनी बंडास चिथावणी दिली नाही, बंडखोरांना राजाच्या हवाली केले नाही आणि आपली मान्यताही विनाअट दिली नाही.

औरंगजेबाच्या कारकीर्दीत या प्रश्नाचे दोन्ही पैलू दिसतात. पिता शाहजहान हयात असताना पुत्राच्या नावे खुत्बा वाचता येणार नाही, अशी हरकत तत्कालीन प्रमुख काझीने घेतली. गुजरातेतील अब्दुल वहाब याने मात्र वृद्ध शाहजहान राज्यकारभारास असमर्थ झाला असल्याचे कारण देऊन ती अडचण दूर केली. त्यालाच पुढे प्रमुख काझीचे पद मिळाले. त्याने अमाप संपत्ती जमविली. त्याचा पुत्र शेख-उल्-इस्लाम हा मात्र वेगळ्या वृत्तीचा निघाला. पित्याच्या संपत्तीतील वाटा त्याने नाकारला. पित्यामागून प्रमुख काझी झाल्यावर विजापूर व गोवळकोंडा या मुस्लिम राज्यांवरील स्वारीस धर्मसंमती देण्याचेही त्याने नाकारले आणि पदत्याग करून तो हजला गेला. विजापूरच्या वेढ्यात (१६८५–८६) तेथील धर्मपंडितांचे एक मंडळ औरंगजेबास भेटले व स्वधर्मीयांशी युद्ध कोणत्या आधारे करता, असे त्यांनी विचारले. संभाजी महाराजांना विजापूरकर आश्रय देतात, हे कारण बादशहाने पुढे केले. दोन्ही राज्ये १६८७ पर्यंत बुडाली. शेख-उल्-इस्लामच्या नकाराने युद्ध थांबले नाही; परंतु त्यास त्याची धर्ममान्यताही मिळाली नाही. औरंगजेबाची कबर झैनुद्दीन यांच्या दर्ग्याच्या आवारातच आहे.

१८५७ व नंतर : इंग्रजी सत्ता ही परकी व अन्यधर्मीय असल्याने मुस्लिम राजाच्या आज्ञापालनाचा जुना सिद्धांत तिला लागू होत नव्हता. जुलै १८५७ मध्ये दिल्लीत उलेमांच्या सह्यांचा जिहादचा फतवा प्रसिद्ध झाला. उठावातील सहभागाबद्दल फझल-इ-हक खैराबादी यांना अंदमानात पाठविण्यात आले व तेथेच १८६१ मध्ये त्यांचा अंत झाला. हैदराबाद संस्थानात, ज्यात त्या वेळी मराठवाडा समाविष्ट होता, पेच अधिक बिकट होता. कारण तेथील राजा मुस्लिम असून इंग्रजांच्या पक्षाचा होता. जून १८५७ मध्ये औरंगाबाद येथील कंटिन्जंट घोडदळात असंतोष उफाळला व तो कठोरपणे दडपण्यात आला. कंटिन्जंटमधून फुटून हैदराबादेत आलेल्या व दिवाण सालारजंग याने इंग्रजांच्या ताब्यात दिलेल्या शिपायांच्या सुटकेसाठी १७ जुलै रोजी तुर्रेबाझखान व मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली जमावाने रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो फसला. तुर्रेबाझखान मारला गेला, तर मौलवी अलाउद्दीन यांना अंदमानात जन्मठेप भोगावी लागली. पुढे १८७० च्या सुमारास कलकत्त्यातील सभेत करामत अली जौनपुरी यांच्यासारख्या आलिमांनी इंग्रजी अंमलात धर्माचरणास मोकळीक असल्याने बंड अवैध आहे, असे मत दिले.

खिलाफत चळवळ व मुंबई : विसाव्या शतकात सशस्त्र उठावाची जागा सामुदायिक असहकाराने घेतली आणि मुंबई हे तिचे एक प्रमुख केंद्र बनले. मार्च १९१९ मध्ये येथे खिलाफत समिती स्थापन होऊन व्यापारी मियाँ मुहम्मद छोटानी हे तिचे अध्यक्ष झाले. भायखळ्याचे खिलाफत हाउस आजही या चळवळीची आठवण देते. नोव्हेंबर १९१९ मध्ये जमियत-उल्-उलेमा-इ-हिंद ही संघटना निघाली. देवबंदचे मौलाना महमूद हसन माल्टा येथील बंदिवासातून सुटून जून १९२० मध्ये मुंबई बंदरात उतरले. सरकारी पदव्या, शिक्षणसंस्था व नोकऱ्या यांवरील बहिष्कारास त्यांनी फतव्याद्वारे धर्माधार दिला. जमियतच्या तशाच फतव्यावर सु. ५०० उलेमांच्या सह्या झाल्या. सैन्यातील नोकरी मुस्लिमांस निषिद्ध ठरविणाऱ्या ठरावाबद्दल १९२१ मध्ये कराची येथे चाललेल्या खटल्यात हुसैन अहमद मदनी व अली बंधू यांना दोन वर्षांची शिक्षा झाली. अबुल कलाम आझाद यांनी १९२२ मध्ये कलकत्त्याच्या न्यायालयात केलेले निवेदन या विचाराचे उत्कृष्ट उदाहरण होय. पूर्वसूरींनी मुस्लिम राजांचाही जुलूम तोंडावर सांगितला असताना परकी नोकरशाहीचा जुलूम आपण का लपवावा, हा त्यांच्या प्रतिपादनाचा आशय होता.

या प्रश्नावरही एकमत नव्हते. अशरफ अली थानवी यांनी चळवळीपासून दूर राहणे पसंत केले. बरेलीचे अहमद रझा खान यांनी अन्यधर्मीयांच्या नेतृत्वाखालील असहकारास विरोध केला. नोव्हेंबर १९२१ मध्ये इंग्लंडच्या युवराजाच्या आगमनप्रसंगी मुंबईत उसळलेल्या दंगलीत ५० हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. पारशी व ख्रिस्ती नागरिकांवरही हल्ले झाले व गांधीजींनी उपोषण केले. न्याय्य कारणासाठी पेटलेला जमाव निरपराधांवर उलटतो, ही जुन्या पंडितांची भीती निराधार नव्हती, हे त्यातून दिसून आले.

स्वातंत्र्योत्तर काळात असगर अली इंजिनिअर (१९३९–२०१३) यांनी मुंबईच्या सांताक्रूझ या उपनगरातून या विषयाची नवी मांडणी केली. बोहरा समाजातील सुधारणावादी चळवळीत ते अग्रणी होते. कुराणाचा पक्ष दुर्बळांचा असून प्रबळांचा नाही, हा त्यांच्या विचाराचा गाभा होता; मात्र बदलाचा मार्ग त्यांनी लोकशाहीचा व अहिंसेचा मानला.

आधुनिक जगातील स्थिती : इराणमध्ये १८९१–९२ साली मिर्झा शीराझी यांच्या नावे निघालेल्या फतव्यामुळे लोकांनी तंबाखू सोडला व शाहला परकी कंपनीचा मक्ता रद्द करावा लागला. त्यानंतरच्या संविधानवादी क्रांतीत (१९०५–११) नाईनी यांनी संविधानाचे समर्थन केले, तर फझलुल्ला नूरी यांनी विरोध केला. नूरी यांना १९०९ मध्ये फाशी देण्यात आली. १९७९ मध्ये तेथे उलेमाच सत्तारूढ झाले आणि राजसत्तेस जाब विचारणाऱ्यांनाच जाब कोणी विचारावयाचा, हा नवा प्रश्न उभा राहिला. २०११ च्या अरब उठावांत जुना मतभेद पुन्हा प्रकटला. यूसुफ अल्-करदावी यांनी ईजिप्तमधील उठावाचा पुरस्कार केला. परंतु बहारीनमधील उठाव त्यांना पंथीय वाटला. सौदी अरेबियातील ज्येष्ठ उलेमांच्या मंडळाने निदर्शने निषिद्ध ठरविली. सिरियात रमझान अल्-बूती यांनी राजवटीची बाजू घेतली. ते २०१३ मध्ये दमास्कस येथील मशिदीतील स्फोटात मारले गेले.

समालोचन : उलेमा हे सदैव राजाश्रित होते किंवा सदैव लोकपक्षीय होते, ही दोन्ही विधाने इतिहासास धरून नाहीत. एकाच ग्रंथपरंपरेतून परस्परविरोधी निर्णय निघाले, याची कारणे वचनांपेक्षा परिस्थितीत शोधावी लागतात. वेतन व पद कोणाच्या हाती आहे, सत्ताधारी स्वकीय आहे की परका, पर्यायी व्यवस्था दृष्टिपथात आहे की केवळ अराजक, यांवर भूमिका ठरत गेली. तथापि परिस्थिती सारखी असताही अब्दुल वहाब व त्याचा पुत्र यांनी भिन्न मार्ग निवडले, हेही ध्यानात घ्यावे लागते. राजास रोखण्याचे बळ उलेमांकडे क्वचितच होते. त्याच्या कृत्यास मान्यता न देण्याचा अधिकार मात्र त्यांच्यापाशी होता, व त्याची किंमत ज्यांनी मोजली त्यांचाच शब्द लोकांत टिकून राहिला.