संगणक निळा पडला? फॉरमॅटची घाई नको!

मैत्रिणींनो, मिक्सरमधून जळका वास आला की आपण काय करतो? आधी बटण बंद. कुकरची शिट्टी होईना, तर रिंग बघतो, शिट्टीत भाताचं शीत अडकलंय का ते बघतो. गॅसची ज्योत पिवळी झाली, की पिन घेऊन बर्नरची भोकं मोकळी करतो. यातलं काहीच आपल्याला कुणी वर्गात बसवून शिकवलेलं नाही. पण घरातला संगणक बिघडला, की याच आपण दोन पावलं मागं सरकतो. 'हे आले की बघतील', नाहीतर 'द्या दुकानात'. एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम २००१ साली सुरू झाला, त्यानंतर गावोगावच्या कितीतरी बायका मराठी टायपिंग आणि एक्सेल शिकल्या. मीही त्यातलीच. पण कॅबिनेटचं झाकण उघडायला मात्र आपला हात अजून धजत नाही.

तर आज त्या निळ्या पडद्याविषयी बोलू. मुलीचा प्रोजेक्ट चाललेला असतो किंवा गटाचा हिशोब भरत असतो, आणि एकदम सगळं गायब! पडदा निळाशार, वर एक रडवेला चेहरा, खाली इंग्रजीत दोन ओळी. आपण चष्मा शोधेपर्यंत संगणक आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो, जणू काही झालंच नाही. दोन दिवसांनी पुन्हा तेच. (नव्या विंडोज ११ मध्ये २०२५ पासून हा पडदा काळा येऊ लागलाय आणि तो रडका चेहराही काढून टाकलाय. दुखणं तेच, साडी बदलली एवढंच!)

हा पडदा का येतो, ते समजलं की अर्धी भीती जाते. पिठाच्या गिरणीत दळण चालू असताना खडा वाजला, की गिरणीवाला आधी गिरणी थांबवतो. विंडोजही तेच करतं. आतमध्ये एखादी गोष्ट अशी घडते, की पुढं काम चालू ठेवलं तर आपल्या फायलींत चुकीचं काहीतरी लिहिलं जाईल. म्हणून ते स्वतःलाच थांबवतं, आणि जाता जाता खडा कुठे वाजला याची एक खूण पडद्यावर ठेवून जातं. तिला 'स्टॉप कोड' म्हणतात. गंमत अशी की सगळे त्या रडक्या चेहऱ्याकडे बघतात आणि खालची ती ओळ कुणीच वाचत नाही. दुकानदारसुद्धा नाही!

आमच्या घरी हे दुखणं दिवाळीनंतर लागलं. आमच्या संगणकावर घरचं काम कमी आणि बचत गटाचंच जास्त. गटाची पंचसूत्री तुम्हाला ठाऊकच आहे, नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्जवाटप, परतफेड आणि हिशोब लेखन. पहिल्या चार गोष्टी बायका जिवापाड पाळतात, आणि पाचवीत चूक झाली तर बँकेचा साहेब फाइल परत पाठवतो. आमच्या गटाचं बँकेकडे कर्ज मागायचं चाललं होतं. बारा जणींचे हिशोब, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या शेळ्या, कुणाला धानाच्या रोवणीआधी हातात पैसा हवा. सगळ्यांचं त्या एका डब्यावर अवलंबून, आणि तो दिवसाआड निळा पडायचा. रजिस्टर हाताने लिहिलेलं होतं, फायलींची नक्कल पेनड्राइव्हवर होती, म्हणून धीर होता. पण बँकेला द्यायचे तक्ते काही पुरे होईनात.

आम्ही आमगावला राहतो. कॅबिनेट मांडीवर घेऊन गोंदियाला नेलं. दुकानातल्या माणसानं चालू करून बघितलं आणि म्हणाला, "व्हायरस आहे वहिनी, फॉरमॅट मारावा लागेल." पाचशे रुपये. आठ दिवस बरे गेले, पुन्हा निळा. पुन्हा फॉरमॅट, पुन्हा पाचशे. तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "आता विंडोज १० बंदच झालंय, नवीनच घ्या जी."

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण हे कारण पुढे करून सध्या पुष्कळ घरांत नवा संगणक येतोय. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, हे खरं. म्हणजे मायक्रोसॉफ्टकडून सुरक्षेसाठी नेहमी फुकट मिळणारी दुरुस्ती आता तशी मिळत नाही, आणि बँकेचे व्यवहार करणाऱ्यांनी त्याचा विचार करायलाच हवा. पण आधार संपला म्हणून संगणक निळा पडू लागत नाही. सून आली म्हणून दूध नासलं, म्हणणाऱ्या सासूसारखं झालं हे!

मग मी एक वही घातली. आजारी माणसाच्या तापाची नोंद ठेवतो ना, तशी. तारीख, वेळ, काय काम चालू होतं, कूलर-पंखा चालू होता का, वीज जाऊन आली होती का, आणि स्टॉप कोड. पडदा लगेच निघून जात असेल तर विंडोजच्या 'स्टार्टअप अँड रिकव्हरी' या भागात 'ऑटोमॅटिकली रिस्टार्ट'पुढची खूण काढायची. मग पडदा थांबून राहतो आणि मोबाइलवर निवांत फोटो काढता येतो. शिवाय 'रिलायबिलिटी हिस्टरी' म्हणून एक तक्ता विंडोजमध्ये असतोच. शोधायच्या जागी ते नाव टाइप करा. कोणत्या दिवशी काय कोसळलं, ते लाल फुलीसकट दाखवतो. पंचांगासारखं.

माझा पहिला संशय उन्हाळ्यावर. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो हे काय सांगायचं! कॅबिनेटमध्ये आतल्या पंख्यावर आणि पात्यांवर धूळ बसली, की प्रोसेसरची उष्णता बाहेर पडत नाही. आधी संगणक मंदावतो, मग अचानक बंद पडतो. आपल्या गोंदिया जिल्ह्यात राइस मिल काही कमी नाहीत, कोंड्याची बारीक पूड घराघरात येते. त्यात आपण कॅबिनेट ठेवतो कूलरच्या समोर, 'त्यालाही गार वारा मिळू दे' म्हणून. ती ओलसर हवा आणि धूळ मिळून आत जो थर बसतो, तो मी डोळ्यांनी बघितलाय. फोडणीच्या चिमणीला बसतो ना, तस्सा. कूलरचा झोत संगणकावर कधीही नको.

शेजारचा मुलगा पॉलिटेक्निकला शिकतो, त्याला बोलावलं. आधी वायर काढली. मग चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरलं, म्हणजे आत उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून घेतला, अंगावरची स्थिर विजेची ठिणगी चिपला लागू नये म्हणून. मग मऊ ब्रश. पंखा बोटाने धरून मगच फुंकर मारायची, गरागरा फिरू द्यायचा नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडायचा नाही, तिथं वायर काढल्यावरही वीज साठून राहिलेली असते. अर्धी ओंजळ धूळ निघाली आणि एक वाळकी पालही. ती कधीची होती कोण जाणे!

संगणक हलका झाला, पंख्याचा आवाज कमी झाला. पण चौथ्या दिवशी पुन्हा निळा.

तेव्हा वही उघडली. नऊ नोंदी होत्या. वेळ बघावी तर कधी सकाळी सात, कधी रात्री अकरा, म्हणजे ऊन गुन्हेगार नाही. वीज जाण्याशीही मेळ बसेना. पण कोडची ओळ नऊपैकी सहा वेळा एकच, 'मेमरी मॅनेजमेंट'. आणि दिवाळीत आम्ही काय केलं होतं? संगणक हळू चालतो म्हणून त्याच दुकानातून रॅमची एक नवी पट्टी घालून घेतली होती!

रॅम म्हणजे संगणकाचा ओटा. भाजी चिरायची, पीठ मळायचं ते ओट्यावर. हार्डडिस्क म्हणजे कोठीची खोली. ओट्याची एक फरशी हलती असेल, तर त्यावर ठेवलेलं भांडं कधी राहील, कधी कलंडेल. कोठी कितीही धुवून काढा, उपयोग काय? फॉरमॅट म्हणजे कोठी धुणं. म्हणूनच हजार रुपये जाऊनही गुण आला नाही.

विंडोजमध्येच 'मेमरी डायग्नोस्टिक' नावाची तपासणी असते, फुकट. रात्री लावून दिली. (तिचाही पडदा निळाच असतो, दचकू नका!) संगणक पुन्हा सुरू झाल्यावर हार्डवेअरमध्ये दोष असल्याचं दाखवलं. मग दोन्ही पट्ट्या काढल्या, त्यांच्या सोनेरी कडा खोडरबराने हलक्या पुसल्या, कण झटकले, आणि टक् आवाज येईपर्यंत दाबून बसवल्या. कित्येकदा एवढ्यानेच भागतं, नुसती पट्टी सैल झालेली असते. आमचं भागलं नाही. मग फक्त जुनी पट्टी ठेवली, पंधरा दिवस एकदाही निळा नाही. फक्त नवी ठेवली, दुसऱ्याच दिवशी निळा. जुनी पट्टी नवीच्या खाचेत बसवून बघितली, ठीक. म्हणजे खाच चांगली, पट्टीच नासकी. बँकेचे तक्ते एका पट्टीवर, जरा सावकाश, पण पुरे झाले.

प्रत्येक घरी रॅमच असेल असं नाही. नवा प्रिंटर जोडल्यापासून, दुसरं अँटिव्हायरस टाकल्यापासून किंवा विंडोजचं अपडेट आल्यापासून दुखणं सुरू झालं असेल, तर संगणक 'सेफ मोड'मध्ये चालवून बघा. तिथं अगदी गरजेपुरतीच मंडळी कामावर असतात. तिथं ठीक चालला, तर दोष बहुधा त्या नव्या पाहुण्याचा, तो काढून टाका. वीज कमी-जास्त झाली की त्रास होत असेल, तर यूपीएसची बॅटरी आणि घराचं अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या. आणि कोडमध्ये 'इनपेज एरर' अशी अक्षरं दिसली, किंवा हार्डडिस्कमधून कट-कट आवाज येऊ लागला, तर सगळे प्रयोग बंद! आधी फोटो, हिशोब, मुलांचे दाखले यांची नक्कल दुसरीकडे, मग बाकीचं.

आपल्याच घरी हे होतं असंही समजू नका. १९ जुलै २०२४ ला क्राउडस्ट्राइक या कंपनीचं एक सदोष अपडेट गेलं आणि जगभरात सुमारे ८५ लाख संगणक एका दिवसात निळे पडले. विमानतळ, बँका, इस्पितळं अडली. आपल्या देशात प्रवाशांना हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. आणि दुरुस्ती काय होती? बऱ्याच ठिकाणी एकेका संगणकापुढे माणूस बसवून, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल पुसायची. त्या मोठमोठ्या कंपन्यांनीही सगळं फॉरमॅट करत बसायचं म्हटलं असतं, तर विमानं कधी उडाली असती? आणि त्याही आधी, १९९८ च्या एप्रिलमध्ये शिकागोच्या प्रदर्शनात विंडोज ९८ दाखवताना स्कॅनर जोडताच निळा पडदा आला होता, शेजारी स्वतः बिल गेट्स उभे! तेही हसून मोकळे झाले.

एका निळ्या पडद्याला मात्र खरंच घाबरायचं. इंटरनेट बघताना अचानक निळा पडदा, भोंग्याचा आवाज आणि 'तुमचा संगणक धोक्यात आहे, या नंबरवर फोन करा'. खऱ्या निळ्या पडद्यावर फोन नंबर कधीच नसतो. ती चोरांची जाहिरात असते. फोन केला की ते संगणकाचा ताबा मागतात, मग बँकेचा ओटीपी. फोन करायचा नाही. आल्ट आणि एफ४ एकत्र दाबून ती खिडकी बंद करायची, नाहीच झाली तर सरळ संगणक बंद. पैसे गेलेच असतील तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन लावा. जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची आशा.

राहता राहिली आमची नासकी पट्टी. ती आणि वही घेऊन मी त्याच दुकानात गेले. त्यानं वही उलटून-पालटून बघितली, जरा वेळ काहीच बोलला नाही. रॅमवर बऱ्याच कंपन्या कित्येक वर्षांची वॉरंटी देतात, पण त्याला पक्कं बिल लागतं. आमच्याकडे होतं, गटाच्या खर्चाच्या फाइलमध्ये व्हाउचरला टाचून ठेवलेलं. तीन आठवड्यांनी बदली पट्टी आली. फॉरमॅटचे हजार रुपये मात्र त्यानं परत केले नाहीत. म्हणाला, "मेहनत तर झाली ना वहिनी!"