शास्त्राध्ययनाचे दायित्व आणि पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर

शास्त्राध्ययन हे केवळ उपदेशकाचे नव्हे, तर प्रत्येक श्रद्धावंताचे दायित्व होय, ही भूमिका नव्या करारातच आढळते. बिरुया येथील श्रोत्यांनी पौलाची शिकवण दररोज शास्त्रग्रंथांशी ताडून पाहिली, याची ‘प्रेषितांची कृत्ये’ (१७:११) गौरवाने नोंद घेते. अंत्यकाळविषयक भविष्यवचनांच्या संदर्भात हे दायित्व अधिक अवघड होते. थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (५:२०-२१) अशा वचनांचा धिक्कार न करण्याबरोबरच सर्व गोष्टींची पारख करण्याचीही आज्ञा आहे; तर मार्काच्या शुभवर्तमानानुसार (१३:३२) त्या दिवसाचे ज्ञान केवळ पित्यालाच आहे. म्हणजे अध्ययन आवश्यक, परंतु तिथिनिश्चिती वर्ज्य.

मात्र पारख करण्यासाठी संहिता वाचकाला समजेल अशा भाषेत असावी लागते. प्रचलित मराठी भाषांतर सामान्य स्त्रियांना दुर्बोध वाटते, हे जाणून पंडिता रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबलचे सुबोध भाषांतर सिद्ध केले. १९२२ मध्ये त्यांचे निधन झाले; १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झाले. त्याचे महत्त्व भाषिक सुलभतेपुरते मर्यादित नाही. दानीएल व प्रकटीकरण यांसारखे गूढ ग्रंथ स्वतः वाचण्याचा अधिकार, आणि त्याबरोबर अर्थनिर्णयाचे उत्तरदायित्वही, त्याने अल्पशिक्षित स्त्रीच्या हाती सोपविले.