मोहरीचा पाला केव्हा पेराल?

आईच्या मिसळणाच्या डब्यातून चिमूटभर मोहरी मागून घ्या. फोडणीत तडतडणारा हा दाणा बहुधा जिवंत असतो. ओल्या फडक्यात ठेवा, तीन-चार दिवसांत मोड दिसतील. तोच दाणा परसात पेरला, तर महिना-सव्वा महिन्यात भाजीपुरता पाला मिळतो. पण केव्हा पेरला, यावर सारे अवलंबून आहे. भंडाऱ्याच्या एखाद्या परसात नोव्हेंबरच्या आरंभी पेरलेली मोहरी चांगली वीतभर पाने देते. फेब्रुवारीअखेर पेरलेली मात्र थोडीशी पाने फुटतात न फुटतात तोच पिवळ्या फुलांवर येते. बी तेच, माती तीच. मग असे का व्हावे?

1920 साली गार्नर आणि ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की पुष्कळ वनस्पती दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलण्याची वेळ ठरवतात. त्यांच्याकडची एका जातीची तंबाखू उन्हाळ्यात नुसतीच उंच वाढे, फुलत नसे. रोज काही तास अंधारात ठेवून तिचा दिवस आखूड केला, तेव्हा ती फुलली. मोहरीचे याच्या उलट आहे. दिवस मोठा झाला की तिला फुलण्याची घाई होते. लहान दिवसांत ती फुलतच नाही असे नाही. उत्तर भारतातली सरसोंची शेते भर थंडीत पिवळी होतातच. पण तिला वेळ अधिक लागतो, आणि तेवढ्या वेळात ती पाने वाढवते. आपल्याला हवी असतात ती पानेच!

भंडारा सुमारे 21 अंश उत्तर अक्षांशावर आहे. तेथे डिसेंबरअखेरचा दिवस जेमतेम 10 तास 50 मिनिटांचा, तर जूनअखेरचा सुमारे 13 तास 25 मिनिटांचा असतो. जानेवारीनंतर दिवस वाढतो आणि ऊनही तापू लागते. मोहरीला दोन्ही इशारे एकदम मिळतात.

मग पावसाळ्यात पेरावी का? नको. भंडारा हा धानाचा जिल्हा. बांधीतल्या पाण्यात धान खुशाल उभे राहते, कारण त्याच्या देठांतल्या पोकळ्यांमधून हवा मुळांपर्यंत पोहोचते. मोहरीला ही सोय नाही. पाणी साचले की तिची मुळे गुदमरून कुजतात.

तेव्हा पाऊस ओसरून धान कापणीला येऊ लागले, की वाफा तयार करा. ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. 'दिवाळीला पेरावी' असे म्हणणे सोपे, पण फसवे आहे. 2023 साली लक्ष्मीपूजन 12 नोव्हेंबरला होते, 2025 साली ते ऑक्टोबरच्या तिसऱ्या आठवड्यातच आले. मोहरी तिथी पाहत नाही, सूर्य पाहते.

वाफा जमिनीपेक्षा थोडा उंच करा. बी बोटाच्या अर्ध्या पेराइतके खोल टाका, ओळींत वीतभर अंतर ठेवा. दाट उगवलेली रोपे उपटा, पण फेकू नका. त्यांचीच पहिली भाजी होते. सगळे बी एकदम न पेरता दहा-बारा दिवसांनी दुसरा हप्ता पेरा. त्याहून उशीर केलात तर मावा गाठील. हे चिमुकले किडे थंडीच्या उत्तरार्धात, विशेषतः ढगाळ हवेत, झपाट्याने वाढतात आणि शेंड्यांतला रस शोषतात. लाल पाठीवर काळे ठिपके असलेले ढालकिडे दिसले तर त्यांना मारू नका. ते मावाच खातात.

पाने कोवळी असतानाच बाहेरच्या बाजूने खुडा. एक पान कच्चे चावून पाहा. नाकात झणका जाईल! पानात तिखट द्रव्य तयार नसते. त्याचा कच्चा माल आणि त्यावर क्रिया करणारे विकर वेगवेगळे साठवलेले असतात. चावल्यावर ते एकत्र येतात. आता दुसरे पान अख्खेच उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटे ठेवून चावा. झणका जवळजवळ नाहीसा झालेला आढळेल, कारण उष्णतेने विकर निकामी होते.

चार दाणे मात्र राखून ठेवा. फेब्रुवारीअखेर त्याच वाफ्यात पेरा, आणि दोन्ही वेळी पेरणीपासून पहिले फूल किती दिवसांनी आले, ते वहीत लिहा.