छातीतली गाठ : तिला नाव कसं मिळतं?

मित्रहो, मागच्या खेपेला आपण वर्गीकरण म्हणजे काय, यावर बोललो. आज तोच प्रश्न फुफ्फुसाच्या गाठींवर लावून पाहू. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, औषधाचा नव्हे. तेव्हा उपचाराचा सल्ला माझ्याकडे मागू नका. पण नाव चुकलं की काय होतं, याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं सापडलं नाही.

एक्स-रेवर पांढरा डाग दिसतो. ती नुसती सावली असते. जुन्या क्षयाचा वण, बुरशी, साधी निरुपद्रवी गाठ किंवा कर्करोग, यांतलं काहीही असू शकतं. सीटी स्कॅनमध्ये कडा काटेरी आहेत का, आत चुना साठलाय का, हे कळतं. शिवाय जुनी फिल्म! घन गाठ दोन वर्षांत वाढली नसेल तर ती बहुधा सौम्य. म्हणून घरातले जुने एक्स-रे रद्दीत घालू नका.

खरं नाव मात्र तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावरच मिळतं. पूर्वी प्रश्न एवढाच असे, की कर्करोग ‘स्मॉल सेल’ आहे की नाही. स्मॉल सेल म्हणजे बहुतेक धूम्रपान करणाऱ्यांना होणारा, झपाट्याने पसरणारा. बाकी सगळे ‘नॉन-स्मॉल सेल’. आता गंमत बघा, ‘तो नव्हे’ हे काही नाव झालं का? ‘नेति नेति’ ब्रह्माला शोभतं, पॅथॉलॉजीच्या रिपोर्टला नाही. पण कित्येक वर्षं ते चाललं, कारण उपचारात फारसा फरक पडत नव्हता.

मग औषधं बदलली. पेमेट्रेक्सेड ॲडिनोकार्सिनोमाला लागू पडतं, स्क्वेमसला नाही. बेव्हासिझुमॅबने स्क्वेमसच्या रुग्णात जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. २००४ साली ईजीएफआर या जनुकातले बदल सापडले आणि काहींना नुसत्या गोळ्यांनी आराम पडू लागला. त्यामुळे आता रिपोर्टमध्ये टीटीएफ-१, पी४० अशी अक्षरं दिसतात. ती प्रथिनं रंगवून पाहायची : पहिलं असेल तर बहुधा ॲडिनो, दुसरं असेल तर स्क्वेमस. तुकडा मात्र सुईच्या टोकाएवढा. तो तपासण्यांत संपून गेला तर जनुकं पाहायला काही उरत नाही.

आता फुफ्फुसावरण, म्हणजे प्लुरा. इथे सापडणाऱ्या घातक गाठी बहुतेक वेळा दुसरीकडून आलेल्या असतात, फुफ्फुसातून किंवा स्तनातून. प्लुराची स्वतःची गाठ, मेसोथेलिओमा, अस्तित्वातच नाही असं अनेक पॅथॉलॉजिस्ट एकेकाळी मानत. दक्षिण आफ्रिकेत किंबर्लीच्या क्षयरुग्णालयात डॉ. स्लेग्ज यांच्या लक्षात आलं, की छातीत पाणी झालेले काही रुग्ण क्षयाच्या औषधांना दादच देत नाहीत, आणि ते येतात शहराच्या पश्चिमेकडून. त्या बाजूला निळ्या ॲस्बेस्टॉसच्या खाणी होत्या. स्लेग्ज, मार्चंड आणि जोहान्सबर्गचे वॅग्नर यांनी १९६० साली अशा ३३ रुग्णांची नोंद छापली. जवळजवळ सगळ्यांचा ॲस्बेस्टॉसशी संबंध निघाला. अनेक जण खाणीत कधी उतरलेच नव्हते. लहानपणी तिथे राहिले होते, एवढंच. धूळ शरीरात जाणं आणि गाठ दिसणं यांत वीस ते पन्नास वर्षं जातात. इतक्या अंतरावरचं कारण ओळखता आलं, कारण एका डॉक्टरने ‘तू कुठला?’ असं विचारलं.

आपल्याकडे छातीत पाणी म्हटलं की आधी टीबी. त्यात चूक काही नाही, बहुतेकदा तो टीबीच असतो. पण माझ्या एका सहकाऱ्याला पाण्याच्या एका चाचणीवर विसंबून सहा महिने टीबीची औषधं दिली गेली. पाणी पुन्हा पुन्हा भरत होतं, आणि प्रत्येक वेळी ‘कोर्स पुरा करा’ हेच उत्तर. अखेर दुर्बिणीतून प्लुराचा तुकडा काढला, तेव्हा ॲडिनोकार्सिनोमा निघाला. पाण्यात कर्कपेशी सापडल्या नाहीत म्हणजे कर्करोग नाही, असं होत नाही. मेसोथेलिओमात तर त्या हुकण्याची शक्यता आणखी जास्त. आमच्या न्यायशास्त्रात अनुपलब्धीवर पुष्कळ वाद आहे : घडा दिसत नाही म्हणून तो नाही असं म्हणायचं, तर तो असता तर दिसलाच असता, ही अट आधी पुरी व्हायला हवी. इथे ती पुरी होत नव्हती.

एका श्रोत्याने विचारलंय, ‘आमच्या घरावर सिमेंटचे पत्रे आहेत, काय करू?’ त्यांत बहुधा पांढरं ॲस्बेस्टॉस असतं, पण सिमेंटमध्ये घट्ट बसलेलं. पत्रा धड आहे तोवर धूळ फारशी उडत नाही. धोका आहे तो कोरडा पत्रा करवतीने कापण्यात, भोकं पाडण्यात, तोडण्यात. तो काढायचाच असेल तर आधी पाणी मारून ओला करा, जाणत्या माणसाकडून अखंड उतरवा, आणि मुलांना तिथून लांब ठेवा.