घोडेस्वारी आणि दातांची राखण

घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलाच्या डोक्यावर आपण शिरस्त्राण चढवितो आणि निर्धास्त होतो. परंतु घोडा बुजला म्हणजे मान एकदम वर झटकतो व पुढे वाकलेल्या स्वाराच्या तोंडावर तडाखा बसतो. शिरस्त्राणाने कवटी सांभाळली जाते. तोंड उघडेच राहते.

याकरिता वरच्या दातांवर बसणारे ‘माउथगार्ड’ वापरावे. ते लवचिक प्लास्टिकचे असून आघाताचा जोर पसरविते, दातांवर दात आपटू देत नाही आणि ओठ व जीभ सांभाळते. गरम पाण्यात मऊ करून दातांवर बसविण्याचे माउथगार्ड तयार मिळते. दंतवैद्याने ठसा घेऊन केलेले अधिक नेमके बसते. वाढत्या वयात ते वेळोवेळी बदलावे. अर्थात शिरस्त्राण हवेच.

इतके करूनही पक्का दात निखळलाच, तर मुळाला हात न लावता तो उचलावा, घासू नये. शक्य तर लगेच जागी बसवावा. नाहीतर दुधात ठेवून अर्ध्या तासाच्या आत दंतवैद्य गाठावा. दुधाचा दात मात्र परत बसवू नये. पालकहो, पक्का दात गेला की दुसरा येत नाही, एवढे ध्यानी असू द्यावे.